मैसूर बंद, व्याही सीमेवर

समस्त महाराष्ट्रास अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, मी सीमाप्रश्न सोबत घेऊन मैसूरला गेलो होतो आणि तो तिथं कुणीही उतरवून घेतला नाही.

सकाळी स्टेशनाबाहेर आलो, तर शहराला कुलूप. कावेरीचं पाणी तमिळनाडूला सोडा, असा दिल्लीच्या प्राधिकरणाचा आदेश आला होता, म्हणून बंद. बॅग ओढत मामेसासऱ्यांच्या, रामण्णांच्या दारात पोचलो. रंगाऱ्यांचं मराठी घराणं, कैक पिढ्या मैसुरात. आता कापडाचं दुकान. संध्याकाळी त्यांच्या शुभाचा साखरपुडा. मुलगा तमिळ, इरोडचा. आणि रामण्णा गळ्यात कन्नड झेंड्याचा लाल-पिवळा शेला घालून मोर्चाला निघालेले.

"तिंडी आयता (नाश्ता झाला का), जावईबापू?"

खाराभात (तिखट उपमा) खाता खाता मी सीमाभागाचं गाऱ्हाणं काढलं.

"तिथं कर्नाटक चुकतंय, खरंय," रामण्णा म्हणाले. "पण कावेरीत तमिळनाडूच चुकतंय, अल्वा (नाही का)?"

"म्हणजे कर्नाटक चूक की बरोबर?"

"ते नदी बघून सांगायचं."

तेवढ्यात शुभा फोन घेऊन आली. "अप्पा, तुमचा बंद फार छान झालाय. माझं सासर सीमेवर बसलंय."

असल्या दिवशी तमिळनाडूची बस सीमेवरूनच परत फिरते. माणसं सामानासकट चालत इकडं येतात आणि कर्नाटकाची बस धरतात, ही तिथली रीत. आज इकडची बसच नव्हती.

"सासरे काय म्हणतायत ठाऊक आहे? पाणी न देणारे मुलगी काय देणार, आम्ही परत जातो."

रामण्णांनी मोर्चाचा टेंपो, झेंड्यासकट, सीमेकडं वळवला. मीही चढलो.

ऊस, नारळ, केळी मागं पडली आणि जंगल लागलं. चौकीपाशी रेशमी साड्या, फळांच्या परड्या आणि रागावलेले व्याही रस्त्याकडेच्या दगडांवर बसले होते. रामण्णांनी हात जोडले. व्याही परड्या उचलून टेंपोत चढले. येताना नाक्यानाक्यावर बंदवाल्यांनी झेंडा बघून वाट दिली, आणि कावेरीचे लढवय्ये समजून इरोडच्या मंडळींना हात केले. व्याही फुगूनच.

घरी मामींनी रिवाजाप्रमाणे बेल्ला-नीरु (गूळ आणि पाणी) पुढं केलं. व्याह्यांनी पेल्याकडं पाहिलं. मग त्यांनी तो घटाघटा रिकामा केला, आणि साखरपुडा वाचला.

परतीच्या गाडीत विचार करत होतो. भाषावार राज्यं झाली, प्रत्येकाला विधानसभा मिळाली, आणि प्रत्येक विधानसभेला एक हक्काचं गाऱ्हाणं. पण ती गाऱ्हाणी घेऊन सगळे जातात दिल्लीच्या एकाच दारात, आणि तिथल्या रांगेत उभ्याउभ्या सोयरिकी जमतात. देश बहुधा त्या रांगेनंच बांधलाय. ही झाली माझी अक्कल. त्या संध्याकाळी तो रिकामा पेला बघून, गळ्यात शेला तसाच असलेले रामण्णा मात्र स्वयंपाकघराकडं बघून म्हणून गेले,

"अगं, कळशीच आण. लागेल तेवढं पाणी दे त्यांना."