शिवशरणबाईंचा कोरा रकाना

फॉर्म भरताना शिवशरणबाई एक रकाना नेहमी कोरा सोडायच्या. 'तपासणीला न येण्याचे कारण.' तिथे काय लिहायचं ते ऑफिसनं ठरवून दिलं होतं: 'इच्छुक नाही'. सात रस्ता चौकाजवळच्या त्या आरोग्य विमा योजनेच्या ऑफिसात मी नवीन होते. फॉर्म संगणकात चढवणं माझं काम, आणि रकाना कोरा असला की संगणक अडून बसायचा. वैतागून मी बाईंना बोलावलं.

"मॅडम, मी त्या बायांची तोंडं बघितलीत," त्या म्हणाल्या. "तुमी बघितली असती तर तुमालाबी लिहिता आलं नसतं."

पन्नाशी उलटलेली, सडपातळ बाई. विडी कामगारांच्या वस्त्यांतून योजनेसाठी पायी फिरायच्या. त्या वर्षी आमचा गुणवत्ता सुधारणेचा प्रकल्प होता: मधुमेह असलेल्या सभासद बायकांची साखर वेळेवर तपासायची. शिबिर दवाखान्यात, अकरा वाजता, उपाशीपोटी. मोबाईलवर मेसेज जायचे. बायका यायच्या नाहीत.

आढावा बैठकीत साहेब म्हणाले, "या लोकांना तब्येतीची किंमतच नाही." मागून शिवशरणबाई उठल्या. त्यांनी वस्तीतल्या नरसम्मा नावाच्या विडी कामगार बाईला हाताला धरून आणलं होतं. तिच्या पायाला बँडेज होतं. साखरेनं दोन बोटं गेली होती.

"मेसेज आलता," नरसम्मा हळूच म्हणाली. "मला वाचता येत नाय."

"अकराला ह्या बाया कारखान्यात विड्या द्यायच्या रांगेत असत्यात," बाई म्हणाल्या. "रांग सोडली की दिवस गेला. आन् तवर उपाशी ऱ्हायचं? तुमी नाश्ता करूनच आलाय न्हवं, साहेब?"

"शिवशरणबाई, बसा."

"बसते की. आदी ह्यांची वेळ लिहून घ्या."

साहेबांनी पेन उचललं, तेव्हाच त्या बसल्या.

पुढचं शिबिर कारखान्याच्या फाटकाशी, सकाळी सातला भरलं. इतक्या बायका आल्या की तपासणीच्या पट्ट्या कमी पडल्या. मुख्य कार्यालयानं प्रशस्तिपत्र दिलं. त्यावर बाईंचं नाव नव्हतं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण 'प्रकल्प यशस्वीरीत्या पूर्ण' हे वाक्य वाचून त्या भडकल्या.

"पूर्ण? साखर काय प्रकल्पासंगं संपती व्हय?"

शिबिरं बंद झाली. ती चालू ठेवा म्हणून बाईंनी साहेबांकडे तीनदा अर्ज दिला. मग त्यांचा नोकरीचा वर्षभराचा करार संपला आणि तो कुणी वाढवला नाही. मी सगळं पाहत होते, आणि गप्प होते. ते मला अजून बोचतं.

काही महिन्यांनी एका दुपारी त्या ऑफिसच्या दारात उभ्या. बरोबर चौघीजणी, त्यात लंगडत आलेली नरसम्माही. वॉचमननं ओळखपत्र मागितलं.

"न्हाय."

"मग कुठल्या संस्थेच्या तुम्ही?"

"संस्था कसली? ह्यांची शेजारीण हाय मी," म्हणत त्या सरळ साहेबांच्या केबिनकडे निघाल्या. मी खुर्ची सरकवली आणि त्यांच्या मागोमाग आत गेले. पुढच्या शिबिराची तारीख घेतल्याशिवाय आमच्यापैकी एकही बाई बाहेर आली नाही.