राखेपलीकडचा कोयता

या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव मी आजवर हसायलाच वाचत आलोय, हे आधीच कबूल करतो. आम्ही बौद्ध. आमच्या सापगावच्या घरातून आजोबांनी भुतंखेतं, उतारे, नवस सगळं एकदाच बाहेर काढलं, आणि मीही ते कधी आत येऊ दिलं नाही. हे लिहितोय ते कुणाला घाबरवायला नाही... एका बाईवर मी आळ घेतला, तो मनातून जात नाही म्हणून.

मी झाडांचा डॉक्टर. म्हणजे लोक तसं म्हणतात. कार्डावर ‘आर्बोरिस्ट’ छापलंय, ते कुणी वाचत नाही. दोरावर लटकून वाळक्या फांद्या काढायच्या, पोकळ खोड ओळखायचं, जमेल तितकं झाड वाचवायचं. वरच्या परीक्षेचा अभ्यासही चालू आहे. बायको म्हणते, तू झाडांशी जितकं नीट वागतोस तितकं माणसांशी वागत नाहीस.

दोन वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, म्हसा गावाच्या अलीकडच्या एका गावातून बबनकाकांचा फोन आला. त्यांच्या अंगणात जुना रायवळ आंबा. त्याची एक फांदी वाळत आलेली, आणि ती बरोबर मागच्या खोलीच्या कौलांवर. त्या खोलीत त्यांच्या विधवा भावजय, सुनंदावहिनी, एकट्याच राहायच्या; पोरी लग्न होऊन गेलेल्या. मी शिडी लावली, लाकडी हातोडीने खोड चहूबाजूंनी ठोकून पाहिलं. भरीव आवाज. वाळक्या फांदीच्या वर, अंगणाच्या बाजूला झुकलेला एक हिरवागार जाड फांदा होता, कैऱ्यांनी लगडलेला. दोर त्यालाच बांधायचा ठरवला.

“हा फांदा हत्ती पेलेल, काका,” मी म्हणालो. हुशारी दाखवायची सवय आहे मला!

वहिनी दारातून म्हणाल्या, “वाळकी हाय तरी ऱ्हावू द्या ना. पोरींचा झोका ह्यांनी तिलाच बांधलेला.”

ह्यांनी म्हणजे त्यांच्या गेलेल्या नवऱ्याने. मी ते ऐकलं आणि मनात नोंद केली — या बाईला काम नकोय.

कापण्याआधी झाडाला विचारायची त्या घरात पद्धत. संध्याकाळी बुंध्याशी चिमूटभर तांदूळ ठेवायचे, कोयता खोडाला टेकवून ठेवायचा. सकाळी कोयता उभा असला तर कापायचं, पडला तर हात लावायचा नाही. मी म्हटलं, विचारा, माझं काय जातंय.

सकाळी कोयता पडलेला.

मांजर, वारा, कोंबड्या... काहीही असेल. पण मला दारात उभ्या वहिनीच दिसत होत्या. मी काकांना म्हणालो, आज पुन्हा विचारू, मात्र कोयता मी ठेवणार. संध्याकाळी दोन मुळांच्या बेचक्यात कोयत्याची मूठ घट्ट बसवली. चुलीतली राख मागवून बुंध्याभोवती दोन हात रुंद पट्टा पसरला, आणि त्यावर एका जागी माझ्या बुटाचा ठसा उमटवला. कुणी राख पुन्हा सारखी केली तर ठसा जाणारच. मोबाइलवर फोटो काढला आणि घरी गेलो.

सकाळी सातला परत पोचलो. कोयता राखेच्या बाहेर, वहिनींच्या पायरीवर आडवा. राखेवर माणसाचं पाऊल नाही, कोंबडीचंही नाही. फोटोशी ताडून पाहिलं — माझा ठसा जसाच्या तसा.

आता हसू नका, मला भीती वाटली नाही. राग आला. आंबे काढायची आकडी वहिनींच्या भिंतीलाच टेकलेली होती. मी ती उचलून काकांसमोर धरली. “वहिनींनीच ओढून घेतलाय, ह्या आकडीने. लांबूनच.”

“मी नाय केला, दादा,” वहिनी म्हणाल्या. “पोरींची शपथ घेते.”

“मग पायरीवर कोण ठेवून गेलं?”

आकडीने ओढला असता तर राखेत चरा पडला असता, हे मला तेव्हाच दिसत होतं. मी ते बोललो नाही. काका भावजयीवर कडाडले, “तुला छप्पर दिला, आन् तू असा खेल करतेस? भावाला फोन लाव, घेऊन जाऊदे तुला!” माझं कामही त्यांनी थांबवलं, कोयता कुणी का पाडेना, पडला म्हणजे पडला. मी दुपारपर्यंत त्यांची समजूत घालत ओट्यावर बसलो होतो.

अडीचच्या सुमारास कडाड् असा आवाज झाला. पानही हलत नव्हतं, आणि तो हिरवागार जाड फांदा कैऱ्यांसकट अंगणात आला. माझा दोर त्यालाच असता. त्या वेळी मी त्यावरच लटकलेला असतो.

वाळकी फांदी तिथेच होती. काकांनी झाडाला हात जोडले. वहिनी बोचकं घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडे आम्ही दोघांनीही पाहिलं नाही. संध्याकाळी त्यांचा भाऊ येऊन त्यांना माहेरी घेऊन गेला. काकांनी परत बोलावल्याचं कधी ऐकलं नाही.

फांद्याचं कोडं नाही. कडक उन्हात धडधाकट फांदी वाऱ्याशिवाय मोडते, माझ्या अभ्यासाच्या पुस्तकात तसं लिहिलंय. त्या पुस्तकात कोयत्याबद्दल काही नाही.

म्हशाच्या गेल्या जत्रेत घोंगड्यांच्या दुकानापाशी वहिनी भेटल्या. त्यांनीच ओळखलं. तब्येत विचारली, बायको-मुलांचं विचारलं. मग हळूच म्हणाल्या, “दादा, अजून माझ्यावरच संशय हाय का हो?”

एक ‘नाही’ म्हणायचं होतं. त्या ‘नाही’साठी ती बाई बहुतेक दोन वर्षं थांबली होती, आणि काकांना फोन करून तेच सांगायलाही मला दोन मिनिटं लागली असती. पण त्यांनी केलं नाही म्हटलं, तर मग कुणी केलं? तो ठसा अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

“माहीत नाही, वहिनी,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, घोंगडी काखेत मारली आणि गर्दीत गेल्या. लाज वाटते लिहायला, पण त्यांच्यावर संशय ठेवला की मला रात्री झोप लागते.