दादाची गाडी आणि ओढ्याचं वळण

ओढ्याच्या वळणावर गाडी पुन्हा ठार बंद पडली. मागे बसलेल्या वहिनी उतरल्या आणि शाळेच्या वाटेने चालू लागल्या. मी सीटखालचा फ्यूज काढून पाहिला. जळाला होता.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. एका निवृत्त ओव्हरसियरकडून घेतलेली, विलायती मोटारसायकल, सहा व्होल्टची, वयाने माझ्यापेक्षा मोठी. दादा हिवाळ्यात काविळीने गेला. वहिनी ताडकळसच्या बाजूला एका गावात शिक्षिका. विद्यापीठाच्या नामांतरावरून सारखे बंद पुकारले जात, मग एसटी येत नसे. गाडी गेली तर वहिनींची नोकरी टिकणार नव्हती. विधवा सुनेने घरात बसावं म्हणणाऱ्या काकांना तेच हवं होतं.

"ओढ्यापाशीच बंद पडायलीय," काका संध्याकाळी घरी ओसरीवरून म्हणाले. "अन् ओढ्याकाठी काय हाय? मसणवटा. तुझ्या दादाचा जीव अडकलाय तिच्यात. ईकून टाक. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक येणार हाय."

"बंद पडणारी गाडी घेईल तो?"

"फ्यूजला सिगरेटची चांदी गुंडाळ की. त्याच्या घरापस्तोर गेली म्हंजी झालं. लय पुस्तकं वाचतोस, येवढं कळंना?"

मी परभणीच्या एका गॅरेजात ऑटो-इलेक्ट्रिशियन होतो. चांदी गुंडाळलेल्या गाड्या रोज बघायचो. फ्यूज म्हणजे मुद्दाम कच्ची ठेवलेली तार. करंट वाट सोडून गाडीच्या लोखंडाला लागला, म्हणजे शॉर्ट झाला, की ती स्वतः जळते आणि बाकीचं वायरिंग वाचवते. चांदी जळत नाही. मग वायरिंग जळतं, आणि ते पेट्रोलच्या टाकीखालून जातं.

"चांदी घालणार नाही," मी म्हणालो. "गाडीही विकणार नाही."

"मंग भूत काढ जा!"

हे मला लागलं. जिवंतपणी ज्याने वहिनींना एक दिवस शाळेला उशीर होऊ दिला नाही, तो मेल्यावर त्यांची वाट अडवणार?

तेवढ्यात वहिनी दारात आल्या. "भावजी, येताना ती कधीच बंद पडत नाही. येताना काय मसणवटा उठून जातो का?"

मी ताडकन उठलो. वाटेतलं तेवढंच एक आखूड वळण. जाताना ते डावीकडे होतं, येताना उजवीकडे.

फ्यूजच्या जागी मी एक बल्ब जोडला. चावी बंद असताना हा बल्ब पेटला, तर शॉर्ट आहे असं समजायचं. बल्ब विझलेलाच होता. वहिनींनी हँडल उजवीकडे फिरवलं. काही नाही. मग डावीकडे, पार टोकापर्यंत. बल्ब लख्ख पेटला.

"घ्या," वहिनी काकांना म्हणाल्या, "तुमचं भूत हँडलात बसलंय."

मी टाकी उतरवली. हँडलच्या मानेला बारीक बाइंडिंगची तार गुंडाळलेली होती. दसऱ्याला दादाने पूजा करून गाडीला तिनेच झेंडूचा हार बांधला होता. फुलं वाळून गळाली, तार राहिली. हँडल डावीकडे वळलं की तिचं टोक बॅटरीच्या मुख्य वायरीत घुसायचं. महिनोन् महिने घासून वायरीचं रबर फाटलं होतं.

ते टोक दादाने आत वळवलेलं होतं. गाडी ढकलताना कुणाच्या हाताला टोचू नये म्हणून. मी त्या टोकावरून एकदा अंगठा फिरवला. मग तार कापली, वायर बदलली, नवा फ्यूज बसवला.

बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक ओसरीवर चहा पीत बसलं होतं. मी त्याच्यासमोरच किक मारली. वहिनी मागे बसल्या.

"दीर-भावजय रोज एका गाडीवर," काका दबक्या आवाजात म्हणाले. "लोकं काय म्हणतील?"

"शाळेची वेळ झाली म्हणतील," वहिनी म्हणाल्या. "चला भावजी."

ओढ्याच्या वळणावर मी हँडल मुद्दाम टोकापर्यंत दाबलं. गाडी एकदाही अडखळली नाही.

आजही फ्यूज जळालेली गाडी आली, की मी आधी दसऱ्याचा हार कशाने बांधला होता ते विचारतो. माणसं हसतात. हार दोऱ्याने बांधावा. दोरा तुटतो, हीच त्याची सोय.