कारभारीचा शोषखड्डा

कारभारीनं आयुष्यात किती शोषखड्डे काढले असतील? हजाराच्या वर नक्की. पण सगळे कागदावर. घरांचे नकाशे काढून देणं हा त्याचा धंदा. छतावरचं पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा दाखवल्याशिवाय नकाशा पास होत नाही, म्हणून प्रत्येक नकाशात एक खड्डा. पहिला काढला तो अगदी मन लावून, तळाला दगड, वर खडी, वर वाळू. पुढं कॉम्प्युटर आला, मग तोच खड्डा उचलायचा आणि पुढच्या माणसाच्या कोपऱ्यात ठेवायचा, झालं काम. अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात त्याचा एकही खड्डा कुणी खरोखर खणल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. "आपल्या खड्ड्यात आजवर एक माणूस पडला नाय, इतकं सुरक्षित काम आहे आपलं," असं तो चहाच्या टपरीवर सांगायचा आणि पहिला स्वतःच हसायचा.

मग पावसाच्या पाण्याचे नियम बदलायचं निघालं. नव्या बांधकामानं आपल्या प्लॉटवरचं पाणी आपल्याच प्लॉटवर मुरवायचं, असा मसुदा आला आणि लोकांच्या हरकती-सूचनांसाठी सुनावणी लागली. कारभारीला कुणी बोलावलं नव्हतं. तरी गडी इस्त्रीचा शर्ट चढवून गेला आणि उभा राहिला. "साहेब," तो म्हणाला, "नकाशातला खड्डा म्हणजे लग्नपत्रिकेतली वेळ. छापायची असते, पाळायची नसते. कागद बघू नका. खड्ड्यात टँकर ओता आन् घड्याळ लावून बघा."

हॉल हसला, टाळ्या पडल्या. पुढं नियम छापून आले तेव्हा त्यात ते कलम खरंच होतं. पाच हजार लिटर पाणी ओतायचं, ते तासाच्या आत जिरलं तरच भोगवटा प्रमाणपत्र. कारभारीनं त्या पानाचा फोटो काढून गावाकडं पिशोरच्या चुलतभावापर्यंत सगळ्यांना पाठवला.

आता या कलमाखाली पहिली फाइल कुणाची आली असेल? कारभारीचीच. घर बांधून दोन वर्षं झाली होती, पण जगाचे कागद वेळेत करून देणारा हा बाबा स्वतःचा कागद "करू की, घरचंच काम आहे" म्हणत लोंबकळत ठेवून बसला. भोगवटा नाही म्हणून नळ नाही. दोन वर्षं त्याची बायको रूपा टँकरच्या भोंग्याकडं कान लावून स्वयंपाक करत होती. गुलमंडीच्या बाजारातून आणलेली पितळी तोटी तिनं वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळात ठेवली होती. कलमाचा फोटो दाखवला तेव्हा ती एवढंच म्हणाली, की आधी घरात नळ येऊ द्या, मग तुमच्या अकलेचं कौतुक करते.

प्लॉटचीही एक गंमत होती, आणि ती कारभारी टपरीवर कधी सांगत नसे. तेवीस वर्षांचा असताना तो एका ऑफिसात ट्रेसिंग कागदावर शाईनं नकाशे काढायचा. तिथं डोंगराच्या पायथ्याच्या एका कॉलनीचा लेआउट आला. मधून ओढा जात होता, त्यात मालकाचे सहा प्लॉट बुडत होते. साहेबानं काही सांगितलं नाही, फक्त अर्धं ब्लेड हातात दिलं. कारभारीनं दुपारभर बसून तो ओढा कागदावरून खरवडून काढला. इतका सफाईनं, की उजेडाला धरला तरी खूण दिसेना. साहेबानं पाठ थोपटली, मालकानं मुरूम टाकला, ओढा गेला. पुढं सहांतला एक प्लॉट रिकामाच पडून होता, तो स्वस्तात मिळाला म्हणून यानंच घेतला. त्याचा बाप, बन्सी, जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. प्लॉट बघायला आला, एकदा वर डोंगराकडं बघितलं, एकदा खाली उताराकडं, आणि म्हणाला, "इथं आपण मेंढरं बसवली नसती रं." कारभारीनं हसण्यावारी नेलं. धनगराच्या पोरानं ओढ्याच्या पोटात घर बांधावं, म्हणजे शहाणपणाची हद्दच झाली.

त्याच्या प्लॉटच्या खालच्या अंगाला गोजरबाईचं घर होतं, कॉलनीच्या आधीपासूनचं. दर पावसाळ्यात म्हातारीच्या स्वयंपाकघरात पाणी शिरायचं. कारभारी शेजारधर्म पाळायचा. त्यानं तिला आजवर वॉर्ड ऑफिसला तीन अर्ज लिहून दिले होते, मोत्यासारख्या अक्षरात, ठणकावून. गोजरबाई गल्लीत सगळ्यांना सांगायची, की माणूस असावा तर असा.

तर परीक्षेसाठी खड्डा खणायची वेळ आली. कॉलनीत कुठंही तीन फुटांवर काळा दगड लागतो, पण कारभारीच्या कोपऱ्यात जेसीबी आठ फूट अशी गेली, जशी लोण्यात सुरी. नशीब लागतं, असं तो ड्रायव्हरला म्हणाला. मनात त्या ब्लेडचं टोक टोचलंच, पण टोचणाऱ्या गोष्टींवर आरामात बसायची त्याला बऱ्याच वर्षांची सवय होती.

ठरल्या सकाळी सायली आली. ही महापालिकेची कनिष्ठ अभियंता. तिच्या वडिलांच्या घराचा नकाशा कारभारीनंच काढलेला, त्यामुळं सर म्हणायची. टँकर लागला, पाणी सुटलं, सायलीनं मोबाइलवर वेळ लावली. रूपानं तोटी पुसून ओट्यावर ठेवली आणि पोह्यांना फोडणी दिली. खड्डा भरला, आणि बघता बघता पाणी खाली जायला लागलं. अठराव्या मिनिटाला तळाचे दगड दिसले. कारभारीला छाती कुठं ठेवावी कळेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा खड्डा खरा निघाला होता. सायलीनं फॉर्म भरला आणि सहीसाठी पेन उघडलं.

तेवढ्यात फाटकात गोजरबाई उभी राहिली. लुगड्याचा काठ ओला होता, पावलं चिखलानं भरलेली.

"कारभारी, घरात पाणी आलंय रं," ती म्हणाली. "फरशीच्या सांधीतून वर येतंय. पाऊस नाय, काय नाय. तेवढा एक अर्ज लिहून दे बाबा."

सायलीनं खड्ड्याकडं बघितलं, मग उताराकडं, मग म्हातारीच्या पावलांकडं. तिला कळलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, नियमानं तुम्ही पास आहात. पाणी जिरलं पाहिजे एवढंच लिहिलंय. कुठं जायला नको, ते लिहिलेलं नाही."

ते कलम कुणाचं होतं, हे तिनं बोलून दाखवलं नाही, आणि तेच कारभारीला जास्त लागलं. त्यानं रूपाकडं बघितलं. ओट्यावर तोटी चकाकत होती. एक सही, की संध्याकाळी नळाचा अर्ज देता आला असता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि त्या लाजेतही हसू आलं, की गड्या, ब्लेडनं खरवडलेला ओढा तूच टँकर लावून जिवंत केलास.

"सही नको करू, बाई," तो सायलीला म्हणाला, आणि ब्लेडची सगळी गोष्ट त्यानं तिघींना सांगून टाकली.

मग कोरा कागद घेऊन पायरीवर बसला. अर्जाच्या पाठीमागं त्यानं आधी ओढा काढला, एकेक वळण घेऊन. इतक्या वर्षांनी एकही वळण विसरला नव्हता. रूपा आतून सगळं बघत होती. तिनं तोटी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली, फडताळात ठेवली आणि टँकरवाल्याला उद्याच्या फेरीसाठी फोन लावला.

अर्ज त्यानं मोठ्यानं वाचून दाखवला. ओढा बुजवल्यानं अर्जदाराच्या घरात पाणी शिरतं, तरी संबंधिताचा खड्डा, कंपाउंड आणि अर्धी ओसरी काढून ओढा मोकळा करावा. तक्रार कुणाविरुद्ध, तर कारभारी बन्सी.

गोजरबाईनं त्याला थांबवलं. "तुझंच नाव पडलं का रं चुकून?"

"चुकून नाय, मावशी."

म्हातारीनं कागद हातात घेतला. मग तिनं पेन मागितलं, वाकून एकेक अक्षर जोडत सही केली आणि अर्ज सायलीच्या हातात दिला.

"लई झ्याक लिहितोस," ती कारभारीला म्हणाली. "आधीच्या तिन्ही अर्जांतबी हेच नाव टाकायचं होतंस."