कापसात शिवलेला हरभरा

कल्पना करा, तुम्ही वालूरच्या मठाच्या सभामंडपात उभ्या आहात. समोर सतरंजीवर बायका बसल्यात. कुणाच्या मांडीवर पोर आहे, कुणाचं लक्ष दाराकडे, कारण घरी दूध तापवायचं राहिलंय. तुम्हाला त्यांना सांगायचंय की आंघोळ करताना आपली छाती आपल्याच हातानं कशी तपासायची. सगळं नाव घेऊन, हातानं दाखवून, आणि मागून कुणी खुदकन हसलं तरी न थांबता. समोर तुमची जाऊ बसलीय, शेजारीण बसलीय, मुलीच्या शाळेतल्या बाई बसल्यात. पहिलं वाक्य कोणतं बोलाल?

महानंदाचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"बायांनो, तुमचं माप मला तुमच्या नवऱ्यापेक्षा जास्त ठाऊक हाय."

मंडप हसून मोकळा व्हायचा. मग पुढचं बोलणं सोपं जायचं.

आणि ते खोटं नव्हतं. महानंदा बाजारगल्लीत पोलकी शिवते. तिचा नवरा राजेश्वर पिठाची गिरणी चालवतो, आणि गिरणीला लागून असलेल्या खोलीत तिची मशीन. दळण टाकून बायका तिच्याकडे येऊन बसतात. कोण बाळंतीण, कोण वाळली, कोण सुजली, हे टेप लावला की तिला कळतं. ती ते कुणाला सांगत नाही. म्हणूनच बायका तिच्याकडे येतात.

परभणीच्या एका कापड व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावाने आरोग्य निधी काढला होता. त्याची आई छातीच्या कर्करोगाने गेली. शेवटपर्यंत तिनं घरात कुणाला गाठ दाखवली नव्हती. निधीतून गावोगावच्या बायकांची तपासणी फुकट होई, न्यायला-आणायला जीप येई, आणि त्याआधी गावात माहितीची सभा भरे. सभा घ्यायला निकिता यायची. नर्सिंग शिकलेली, चटपटीत पोरगी. वालूरला ती पहिल्यांदा आली तेव्हा तिनं रबराचा नमुना बाहेर काढला आणि बायकांनी पदर तोंडात कोंबले. कुणी हात लावेना.

दुसऱ्या दिवशी महानंदानं तिला दुकानात बोलावलं. पोलक्याच्या उरलेल्या कापडाच्या दोन गोल पिशव्या शिवून ठेवल्या होत्या, आत सरकी काढलेला कापूस. एकीच्या कापसात हरभरा दडवला होता, दुसरीत सुपारी.

"दाबून बघ. गाठ हरभऱ्याएवढी असताना घावली तर बरं. सुपारी व्हईस्तोवर थांबू नाही. असं सांग, समजंल."

निकितानं डोळे मिटून दाबून पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, हे तुम्हीच सांगायचं."

निधीचा एक नियम होता. दुसऱ्याला सांगायचं तर आधी स्वतः तपासून यायचं. महानंदा परभणीला गेली. खोलीत उभं यंत्र, त्याला दोन पाट्या. एका पाटीवर छाती ठेवायची, वरची पाटी खाली येते, दाबते, क्षणभर श्वास रोखायचा, फोटो निघतो. दुखतं, पण सोसवतं. हे सगळं होण्याआधी तिथली मुलगी म्हणाली, "गळ्यातलं सगळं काढून ट्रेमध्ये ठेवा मावशी. धातू फोटोत येतो."

महानंदा लिंगायत. तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं आणि चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. लहानपणी स्वामींनी बांधलेलं. ते आंघोळीला काढायचं नाही, बाळंतपणात काढायचं नाही. माणूस गेलं तर मातीत सोबत जातं. बाहेर पुढच्या बाईच्या नावाची हाक झाली. महानंदानं मंगळसूत्र काढलं, आणि त्याच घाईत डबीही काढली. स्टीलच्या ट्रेमध्ये आधीच कुणाच्या तरी केसांच्या पिना पडल्या होत्या. तिनं डबी त्यांच्यात ठेवली.

घरी येऊन तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, विभूती लावली. तपासणीत काही निघालं नव्हतं. डबीचं मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. राजेश्वरलाही नाही.

तेव्हापासून सभेत ती सगळं सांगे. पाटी गार असते, फोटो काढणारी बाईच असते, दहा-बारा मिनिटांचं काम. तेवढं एक सोडून. सांगितलं तर आपल्या गल्लीतल्या लिंगायत बायका यायच्या नाहीत, असं ती मनाला समजवायची. खरं म्हणजे तिला त्या ट्रेची लाज वाटत होती. सुरुवातीला जीपमधून ज्या गेल्या त्या दुसऱ्या गल्ल्यांतल्या होत्या. गळ्यातली पोत काढायची, ठेवायची, परत घालायची. प्रश्नच आला नाही.

श्रावणात पंचफुलाकाकू दुकानात आल्या. महानंदाच्या गल्लीतल्याच, नात्यानं चुलतसासू, साठीच्या पुढच्या. हातात पोलकं.

"डाव्या अंगाला उसव गं जरा. काचायलंय."

"दोन्ही बाजूनं उसवू का काकू?"

"उजवीला काय धाड भरली? उजवी बरी हाय."

महानंदाचा कात्रीचा हात थांबला. त्या दिवसापासून तपासणीला चला म्हणून ती काकूंच्या मागेच लागली. काकू नाही नाही म्हणत शेवटी वैतागल्या.

"येते बाई, डोस्कं खाऊ नको. तिथं काय काय काढावं लागतंय?"

"पोलकं तेवढं. आत बाईच असती, गडीमाणूस न्हाई."

"अन्?"

"अन् काय न्हाई."

परभणीला काकू खोलीत गेल्या तशा लगेच बाहेर आल्या. पोलकं अंगात, पदर गळ्याभोवती गच्च. तपासणी न करताच जीपमध्ये जाऊन बसल्या. जीप शहराबाहेर पडल्यावर त्यांनी मान वळवली.

"महानंदे, ती पोरगी मला लिंग काढून ठेव म्हणली. तुला बी म्हणली व्हती का?"

जीपमध्ये गल्लीतल्या आणखी बायका होत्या. सगळ्या महानंदाकडे बघू लागल्या.

"न्हाई बा," महानंदा म्हणाली. "मला कुणी काय म्हणलं न्हाई."

"मग मलाच कामून? म्हातारी गुमान काढंल असं वाटलं व्हय तिला?"

महानंदा खिडकीबाहेर बघत राहिली. शेतात कापूस गुडघ्याला लागला होता.

चार दिवसांत गल्लीभर झालं की परभणीला लिंग काढायला लावतात, आणि तेही माणूस बघून. गल्लीतल्या बायकांनी जीपकडे पाठ फिरवली. निकिताचा फोन आला.

"मावशी, त्या मुलीला वरच्या मॅडम लय बोलल्या. ती रडायली. तुमच्या वेळी खरंच काढायला नव्हतं लावलं?"

"आता नीट ध्यानात न्हाई गं," महानंदा म्हणाली, आणि मशीन सुरू केली, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये.

ती दुसऱ्या गावांत सभा घेतच राहिली. पहिल्या वाक्याला बायका तशाच हसायच्या. फक्त पिशवी हातात घेतली की तिची बोटं हरभऱ्याशी थांबायची आणि पुढचं वाक्य सुचायचं नाही. काकू दुकानासमोरून जायच्या, आत यायच्या नाहीत. त्या तिच्यावर नाराज होत्या असं नाही. पोलकं शिवायचं काम निघालं नव्हतं इतकंच. पण महानंदा प्रत्येक वेळी मान खाली घालायची.

संक्रांतीला काकूंच्या लेकीनं पोलक्याचं कापड पाठवलं. काकू दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

"माप घे. जुनं एक बी बसंना."

महानंदानं टेप लावला. डावीकडून फिरवून आणला. डावी बाजू आणखी वाढली होती. टेप खाली ठेवून तिनं दार लोटलं.

"काकू, मी खोटं बोलले व्हते. मला बी म्हणली व्हती ती पोरगी. मी काढून ठेवलं व्हतं."

काकू शिलाईच्या स्टुलावर बसल्या. "कुठं ठेवलंस?"

"ट्रेमदी."

"कसला ट्रे?"

"स्टीलचा. पिना व्हत्या त्यात."

"पिनांत ठेवलंस." गिरणीचा पट्टा फडफडत होता. मग काकूंनी विचारलं, "सकाळी पूजा करतीस का न्हाई?"

"करते की."

"तवा लिंग कुठं असतंय?"

"हातावर."

"मंग? ती पोरगी तुझा हात कापून घ्यायली व्हती का? मुठीत धरायचं, येडे!"

रोज सकाळी डाव्या तळहातावर ज्याची पूजा करायची, ते मुठीत धरता येतं हे महानंदाला इतक्या महिन्यांत सुचलं नव्हतं. ती ट्रे लपवण्यातच गुंतली होती.

"आदी सांगितलं असतंस," काकू म्हणाल्या, "तर मी घरूनच इचार करून निघाले असते. तिथं एकदम म्हणली, माझं डोस्कं फिरलं. नंतर बी गेले असते म्हण. पर तू म्हणलीस तुझं न्हाई काढलं. मंग मी कामून जाऊ?"

महानंदानं टेप उचलून गुंडाळला.

त्याच आठवड्यात दोघी एसटीनं परभणीला गेल्या. तीच मुलगी होती. काकूंनी दारातूनच विचारलं, "पोरी, मुठीत धरलं तर चालंल का?"

"चालेल की आजी. हाताचा फोटो थोडाच काढायचाय?"

काकू आत कपडे सोडत होत्या तेवढ्यात महानंदानं त्या मुलीला बाजूला घेतलं. "बाई, मागच्या टायमाला तुला माझ्यामुळं..."

"माहीत आहे मला," मुलगी हळूच म्हणाली. "तुमची डबी ट्रेमधून मीच तुमच्या हातात दिली होती." आणि ती आत निघून गेली.

निकाल वाईट आला. डाव्या छातीत गाठ होती. पुढचं सगळं भराभर झालं. सुई घालून तपासणी, मोठ्या दवाखान्यात सरकारी योजनेत नाव, निधीकडून जाण्यायेण्याची सोय. काकूंची डावी बाजू काढावी लागली. औषधं अजून चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, तब्येत साथ देतेय.

महानंदाचं सभेतलं पहिलं वाक्य आता बदललंय. "मी लिंग पिनांच्या ट्रेमदी ठेवलं आन् खोटं बोलले. तुमी मुठीत धरा." यावर कुणी हसत नाही. गल्लीतल्या बायका जीपमध्ये बसतात, पण त्यांतल्या दोघी-तिघी पोलकी शिवायला आता सेलूला जातात. महानंदा त्यांना काही म्हणत नाही.

उन्हाळ्यात काकू पुन्हा दुकानात आल्या. पोलक्याच्या डाव्या बाजूला आतून कापूस भरून पिशवी शिवायची होती, म्हणजे वरून सारखं दिसेल. महानंदानं माप घेतलं, कापड कापलं, तळहातावर कापूस पिंजू लागली.

"बघ बरं," काकू म्हणाल्या, "ह्यात हरभरा घालू नको."

काकू हसल्या. महानंदालाही हसावं लागलं, आणि मग तिला सुईत दोरा ओवता येईना. काकूंनीच तो ओवून दिला.

दर तपासणीला महानंदा काकूंसोबत दवाखान्यात जाते. उठताना डॉक्टर दरवेळी म्हणतात, "काही विचारायचंय का?" ती मान हलवते. विचारायचं एकच आहे, आणि काकू शेजारी बसलेल्या असतात. श्रावणात, दोघी पहिल्यांदा जीपमध्ये बसल्या त्या दिवशी, ती गाठ सुपारीएवढी झाली होती, की तेव्हा अजून हरभराच होता?