तीस तास वेगळे

आमच्या घरात वर्तमानपत्राआधी पत्रकं येत. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून आणि कर्मचारी संघटनेचे कट्टर कार्यकर्ते. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेतली गणितं सोडवली, आणि पुढे संघटनेची पत्रकं मीच लिहू लागले. सरकार मध्ये पडलं की कामगार हरला, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं.

माझा मामा मालगाडीचा ड्रायव्हर. भरतीची परीक्षा पास होऊन भुसावळहून इकडे आला आणि गाझियाबादचाच झाला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या लॉबीतल्या, म्हणजे जिथे हजेरी लावून ड्युटी घेतात तिथल्या, ड्रायव्हरांनी संपाची नोटीस दिली. मागणी एकच होती. ड्युटीवरून घरी आल्यावर सोळा तास विश्रांती मिळते. आठवड्याची तीस तासांची विश्रांती त्याहून वेगळी हवी. रेल्वे ते सोळा तास तिसातच धरत होती. म्हणजे आठवड्याच्या सुट्टीचे हातात उरायचे चौदा तास. मामाला एकदा भर दुपारी इंजिनात डुलकी लागली होती, दोन सेकंद. समोर पिवळा सिग्नल होता. ‘लाल असता तर?’ एवढंच तो घरी येऊन म्हणाला, आणि त्या दिवशी जेवला नाही.

नोटीस गेली तसं श्रम खात्याने दोन्ही बाजूंना बोलावलं. बोलणी चालू असेपर्यंत संप बेकायदेशीर. माझं डोकं फिरलं.

“मामा, हा सापळा आहे. एक सरकारी खातं दुसऱ्या सरकारी खात्याला चहा पाजणार, आणि तुम्ही बघत बसणार.”

“आम्हालाही चहा देतात गं,” मामा म्हणाला. “तू टायपिंगला चल. फक्त तोंड बंद ठेव.”

म्हणून मी त्या खोलीत होते. टेबलाच्या एका बाजूला रेल्वेचे दोन अधिकारी, दुसऱ्या बाजूला मामा आणि त्याचा इंजिनातला असिस्टंट, बिहारचा, माझ्यापेक्षा जेमतेम मोठा. मधे श्रम खात्याच्या अधिकारी बाई. चष्मा दोरीला बांधलेला, आवाज थकलेला. त्यांनी सुरुवातीलाच संपबंदीचं कलम वाचून दाखवलं. मी मनातल्या मनात पुढच्या पत्रकाचा मथळा ठरवून टाकला.

तीन तास वाद झाला. रेल्वेकडे माणसं कमी होती, गाड्या जास्त होत्या, तेच ते. पण अखेर मोठ्या अधिकाऱ्याने मान्य केलं. त्याच्याच माणसाने मसुदा टाइप करून आणला. पाच वाजत आले होते. मी कागद भराभर वाचला. ‘मान्य’, ‘लागू’, ‘पुढील रोस्टरपासून’, सगळे शब्द जागच्या जागी होते. मी मामाला म्हटलं, “बिल्कुल ठीक आहे. कर सही.”

मामाने पेन उघडलं नाही. कागद स्वतःच्या आणि असिस्टंटच्या मधोमध ठेवला, पहिल्या ओळीवर बोट टेकवलं आणि मोठ्याने वाचली. असिस्टंटने तीच ओळ परत म्हटली. मग दुसरी. इंजिनात हे दोघे प्रत्येक सिग्नल असाच पुकारतात: एक म्हणतो ‘हिरवा’, दुसरा बघून म्हणतो ‘हिरवा’. हे मला ऐकून माहीत होतं. पण कागदावर हे करताना कुणाला पाहिलं नव्हतं.

“आरती चालली आहे का?” रेल्वेचा धाकटा अधिकारी हसला.

“सवय आहे, साहेब,” मामा हिंदीत म्हणाला. “मी एकट्याने बघितलेलं आमच्याकडे धरत नाहीत.”

सातवी ओळ मामाने वाचली. असिस्टंट गप्प. मामाने ती पुन्हा वाचली. असिस्टंट मान खाली घालून कागदाकडे बघत राहिला, पण त्याच्या तोंडून शब्द निघेना. दुसऱ्याने म्हटलं नाही तर गाडी पुढे न्यायची नाही, हा त्यांचा नियम. मामाचं बोट तिथून हललं नाही.

ओळीत लिहिलं होतं: घरची सोळा तासांची विश्रांती धरून तीस तास.

मी ती वाचली होती. माझे डोळे तिच्यावरून गेले होते.

“सध्याची पद्धत तशीच आहे,” मोठा अधिकारी म्हणाला. “त्यात नवीन काही नाही.”

बाईंनी कागद ओढून घेतला. मला वाटलं, आता पुढची तारीख पडणार; तारखांवर तारखा, आणि तोवर संप बंद. त्यांनी चष्मा लावला, ती ओळ एकदा मनात वाचली आणि ‘धरून’ खोडून ‘सोडून’ लिहिलं. बाजूला स्वतःची छोटी सही केली.

“हे आम्हाला चालणार नाही, मॅडम,” मोठा अधिकारी म्हणाला.

“अच्छा. मग मी बोलणी फिसकटल्याचा अहवाल आजच पाठवते,” त्या म्हणाल्या. आवाज होता तसाच थकलेला. “तो मंत्रालयात पोहोचला की त्यानंतर सात दिवसांनी संप करायला यांचे हात मोकळे. बसा, मी लिहीपर्यंत चहा घ्या.”

चहा आला. मोठा अधिकारी फोन घेऊन बाहेर गेला, बऱ्याच वेळाने आत आला आणि न बसता सही केली. मी मामाकडे, त्या मुलाकडे, बाईंकडे आळीपाळीने बघत राहिले. कुणी आवाज चढवला नव्हता. ज्या कलमावर मी थुंकत आले होते, त्याच्याच दुसऱ्या टोकाला धरून त्या बाईंनी रेल्वे थांबवली होती. आणि तिथवर त्यांना नेलं होतं एका मुलाच्या गप्प राहण्याने. माझ्या एकाही पत्रकाने इतकं केलं नव्हतं.

नवा रोस्टर लागल्यावर मला हे सगळं सविस्तर लिहायचं होतं. मामाला विचारायला दुपारी गाझियाबादला गेले. मामीने दार अर्धंच उघडलं, ओठांवर बोट ठेवलं.

“झोपलाय?”

“घरचे सोळा सोडून तिसातले आत्ताशी सतरा तास झालेत,” मामी कुजबुजली. “उद्या ये. अजून तेरा आहेत.”

मी चपला हातात घेऊन जिना उतरले.