न चिकटणारं पाणी

शोरूममधल्या विक्रेत्याने पांढऱ्या बॉनेटवर पाण्याचा एक थेंब सोडला. तो क्षणभर थरथरला, छताचे सगळे दिवे पोटात घेऊन घरंगळला, आणि मागे ओलसुद्धा राहिली नाही.

"कोटिंग केलं की काही म्हणजे काही चिकटत नाही, मॅडम. सगळेच घेतात."

सीटकव्हर, मॅट, जादा वॉरंटी, साऱ्याला मी नाही म्हणून झालं होतं. घासाघीस करून किंमतही जराशी खाली आणली होती. त्या थेंबापाशी मात्र मी विरघळले. असं कोटिंग माणसाला मिळालं तर? लोकांचे टोमणे, अगदी गेलेली माणसंसुद्धा अशीच अलगद घरंगळून जातील, मागे ओल न ठेवता...

शेजारी पर्स घट्ट धरून बसलेल्या आईने विचारलं, "काहीच चिकटणार नाही? मग पूजेला मी कुंकवाचं स्वस्तिक काढायचं कशावर?"

विक्रेता हसला. मी कोटिंग बिलातून काढायला लावलं.

आई आता नाही. बॉनेटवर तिच्या बोटाएवढा फिकट गुलाबी डाग मात्र अजून आहे. गाडी धुणाऱ्याला मी तिथे जोर लावू देत नाही.